कलम अकरा

शारजात सात वर्षं, चार घरं, एकही खिळा नाही.
कलम अकरा: भिंतीला भोक पाडायचं नाही.
राउटर हॉलमध्ये; रेंज
आतल्या खोलीच्या दाराशीच दम टाकते.

कोझिकोडचा शिहाब गुडघ्यांवर रांगत
पांढरी तार कडेकडेने चिकटवत आला.
"फार वाकवू नका, आत उजेड असतो. मोडेल."

दार मात्र तारेवर लागेना.
कपाट सरकवलं, तर मागे
कुणीतरी बुजवलेलं भोक,
टूथपेस्टने, डिपॉझिट वाचावं म्हणून.

शिहाबने स्क्रूड्रायव्हरने टोकरलं.
अजून पुदिन्याचा वास.

आधी कोण राहायचं, नातूरलाही आठवत नाही.
पलीकडे त्यालाही काही पोचवायचं होतं.

येताना
बकाल्यातून मी एक ट्यूब आणली.
पांढरीच. जेलवाली नको.