गळती

पापाच्या तिकटीमागच्या बोळात माझं दुकान.
पाटी चपलांची.
आत वरच्या फळीवर मात्र वाजणाऱ्या नळ्या,
कुणाची चावी लुळी, कुणाचं बूच फुगलेलं.
वडील शेळीचं पातळ कातडं चपलेच्या कानाला लावायचे,
उरल्या तुकड्यांतून मी रुपयाएवढ्या गाद्या कापतो,
लाख वितळवतो, चावीखाली बसवतो,
मग विडीचा कागद मध्ये धरून ओढायचा.
अडला तर झालं काम.
सटकला तर पुन्हा पहिल्यापासून.

कायमची गिऱ्हाईकं पाच.
शाहूपुरीत गुळाच्या गोदामावर माळा आहे, तिथं तालीम,
म्हणून यासीन मुजावरच्या क्लॅरिनेटातून मुंग्या निघतात.
“वारूळ आणलंय, बगा जरा,” म्हणतो.
रत्नाकर कोरवी. आजोबांपर्यंत देवळात सनई,
हा ओबो फुंकतो, आणि पत्ती भिजवायला
आईच्या कुंकवाच्या करंड्यात पाणी बाळगतो.
ऋतुजा तिवलेच्या बासरीचे हप्ते अजून सरायचेत,
ती मला बासरीला हातसुद्धा धुऊन लावायला लावते.
वैजयंता शिरगुप्पीचं वाद्य तिच्याच उंचीचं, नाव बसून.
“वाजवायचंही बसूनच,” हा विनोद मी केला,
तो तिनं आधी दोनशे वेळा ऐकला होता.
आणि हॉर्नवाले प्रेमदास लोंढे, मिशनच्या बँडात वाढलेले,
सत्तरीचे, शर्टाची वरची गुंडीही लावणारे.

हॉटेलांची उद्घाटनं, डॉक्टरांच्या साठ्या, कधी एखादं बारसं.
पाकिटाचे पाच वाटे होतात. सुटे उरले तर चहा.

माघात प्रेमदास आले. हॉर्न टेबलावर ठेवला.
“कुठंतरी हवा गळतीय. लांबला सूर मधेच तुटतोय.”
मी परात भरली,
पंक्चर काढतात तसा हॉर्न पाण्यात बुडवला,
एक तोंड दाबून दुसरीकडून फुंकलं.
एकही बुडबुडा नाही.
परत फुंकलं. पाणी तसंच, माझं तोंड दाखवत.

ते बाकावर बसले होते.
तीन पायऱ्या चढल्याचा दम
अजून त्यांच्या गुंडीखाली हलत होता.

“सापडली,” मी म्हणालो. “सांध्याजवळ. बारीक होती.”
उगाच डाग तापवला, उगाच फडकं फिरवलं,
आणि चाळीस रुपये घेतले.
फुकट केलं असतं तर त्यांना कळलं असतं.

पुढं तीन महिन्यांत वैजयंता तीनदा आली.
दर वेळी तीच एक गादी, डाव्या अंगठ्याखालची,
दाबून दाबून मधे खळगा पडलेली.
बाकीच्या गाद्या नव्यासारख्या.
“एवढं काय दाबता इथं?”
“सवय,” ती म्हणाली आणि रस्त्याकडे बघत राहिली.

मग एका रविवारी मी गोदामाच्या जिन्यात उभा राहून ऐकलं.
खाली ढेपा, वर भूप.
हॉर्नचा सूर निघाला, रुंद, ऊन पसरावं तसा,
आणि सरणार त्याच्या अंमळ आधी
त्याच्या बुडाशी दुसरा एक सूर येऊन बसला,
इतका हळू, की तो कुठं शिरला ते मलाही कळलं नाही,
मला, ज्यानं ती गादी कापली.
प्रेमदासांनी खांदे उचलले, छाती भरली,
आणि पुन्हा आत आले.
मधला सूर कुणाचा, हे रत्नाकरनं विचारलं नाही,
यासीननं पाय आपटून तेवढीच मात्रा लांबवली.
कागदावर तसं काही लिहिलेलं नसणार.

घरी येऊन टाचेचं कातडं काढलं, म्हशीचं, जाड,
तासून तासून त्याची एक गादी केली.
ती वर्षभर टिकेल. पुढचं तेव्हा बघू.

परवा प्रेमदास येऊन गेले.
“तुझ्या हाताला गुण आहे बाबा.
त्या दिवसापासून थेंबभर हवा सुटलेली नाही.”
वैजयंता कोपऱ्यातच होती,
चपलेचा अंगठा उसवला म्हणून आलेली.
तिनं मान वर केली नाही.
“मामा,” म्हणाली,
“अंगठा जरा घट्ट बसवा.”