अनशापोटी नको

सकाळी आठला एक, रात्री आठला एक.
अनशापोटी नको, असं डबीवर लिहिलंय,
म्हणून साडेसातपासून हे स्वयंपाकघरात
पोह्यांशी झगडतायत.
कांदा करपल्याचा वास येतो.
मी पलंगावरून सूचना देत नाही.
परवा दिल्या होत्या. मीठ दोनदा पडलं.

उजवा गुडघा नवा आहे, अकरा दिवसांचा.
जुना कुठे गेला विचारलं तर सर्जन हसले,
म्हणाले, काय करणार होता तुम्ही त्याचं?
काय करणार.
एकोणचाळीस वर्षं ऐकत आलेय
की माझी अक्कल गुडघ्यात आहे.
एकदा बघायला तरी मिळाली असती
स्टीलच्या ट्रेमध्ये,
केवढीशी होती ती.

सूज म्हणजे शरीरानं बोलावलेले गवंडी,
व्यायाम घ्यायला येणारी कट्रिओना सांगते.
दुरुस्तीलाच आलेले असतात, पण ठोकाठोक फार.
गोळी त्यांना म्हणते, जरा हळू, शेजारी झोपलेत.
संध्याकाळी पाचला मात्र सगळे कामावर हजर,
थापी, घमेली, आरडाओरडा,
आणि आठ वाजायला तीन तास.
ते तीन तास मी खिडकीतून
टे नदीवरचा पूल बघते.
गाडी जाते, डबे मोजते.
चार. मग बराच वेळ नुसतं पाणी. मग दोन.

मोजायची सवय जुनी आहे.
शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं काढली,
किती पोरं, किती बटाटे, किती ताटं परत आली.

खालच्या मजल्यावरची सेंगा
(आम्ही घरात शेंगाच म्हणतो,
अर्थ सांगितलाय तिला, आवडतो)
बेचाळीस पायऱ्या चढून मटारची पिशवी घेऊन आली,
फ्रीजरमधली, दगडासारखी.
'खायचे नाहीत,' तिनं दम दिला, 'शेकायचे.'
शेकायचे म्हणजे गारठवायचे.
डंडीत शेकणंसुद्धा थंडच असतं.

काल रात्री गोळी घेतली आणि
सहज डबी उपडी केली पांघरुणावर.
छप्पन्न होत्या.
अकरा दिवसांच्या बावीस गेल्या.
चौतीस उरायला हव्यात.
एकोणतीस.
पुन्हा मोजल्या, तीन-तीनच्या ढिगांनी.
शेवटच्या ढिगाला एक कमी पडली.
एकोणतीसच.

हे बेसिनपाशी, पाठ माझ्याकडे.
विचारलं.
नळ चालू होता. नळ बंद झाला.
'खांदा,' म्हणाले.
तुला आंघोळीच्या खुर्चीवरून उठवताना.
मग थोड्या वेळानं: नाही, आधीपासून.
म्हणजे दिवाळीपासून.

यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.
ती आणि ही, दोघी सवती.
एका पोटात नांदायच्या नाहीत,
भांडून रक्त काढतील.
हे यांनीच मला वाचून दाखवलं होतं
पहिल्या दिवशी, जाड चष्मा लावून,
कागदाची घडी सरळ करत,
मोठ्यानं, अर्थासकट.

'अक्कल गुडघ्यात आहे का तुमची?'
निघून गेलं तोंडातून.
इतक्या वर्षांत हे वाक्य
पहिल्यांदा माझ्या वाट्याला आलं होतं,
आणि मला त्याची काहीच मजा आली नाही.
हेही हसले नाहीत.
'खांद्यात असेल,' म्हणाले. 'ठणकतेय.'

डबी आता माझ्या उशीखाली.
सकाळी दवाखाना उघडला की पहिला फोन यांच्यासाठी,
बोलणार मी.
तोवर मटार आहेत,
वितळून पुन्हा गोठलेले, एकमेकांना धरून बसलेले.
वीस मिनिटं गुडघ्याला, वीस मिनिटं खांद्याला,
मध्ये फ्रीजरमध्ये विश्रांती, फक्त मटारांना.
यांचा हात मागे पोचत नाही,
म्हणून पाय स्टुलावर लांब करून
पिशवी मीच धरून बसते.
गार पाणी यांच्या बनियनमधून
माझ्या मनगटावर उतरतं, कोपरापर्यंत येतं.

पुलावरून एक गाडी गेली आत्ता.
डबे मोजायचे राहिले.