चार किलो शिसं

मालवणहून आलेला मास्तर म्हणाला, सात.
समुद्राचं गणित त्याच्या जिभेवर, मीठ धरून.
सारंगखेड्याच्या बराजवर, पाय न टेकणाऱ्या पाण्यात
मी छाती भरून श्वास घेतला
आणि सात किलोंनी सरळ तळाला गेले,
म्हैस गाळात बसते तशी.
मग सहा. मग पाच.
चारावर तापी डोळ्यांच्या रेषेत येऊन थांबली,
श्वास सोडला तेव्हा कुठे टाळू भिजली.
"गोडं पाणी आहे सर," मी म्हटलं,
"इथं मीठ फक्त कळण्याच्या भाकरीत."

टाकी रिकामी होते तशी हलकी होते, दोनेक किलोंनी.
म्हणून वजन निघतानाचं नाही,
परततानाचं मोजायचं.
हे मात्र त्यानंच शिकवलं. तेवढं मी त्याचं मानते.

चार ठरले.
आता ठेवायचे कुठे?

कमरेचा पट्टा बायकांना काय नवा,
कळशी झाली, पोर झालं, कापसाची ओटी झाली.
पण खोल गेलं की सूट दबतो, कंबर बारीक होते,
पट्टा सैल पडून गरकन फिरतो,
बकल जातं मागे
आणि काळ्या पाण्यात हात
स्वतःचीच पाठ शोधत बसतो.

जाकिटाचे खिसे मऊ, कण्याला सुख.
होडीवरून देवचंद ते वर ओढताना रोज म्हणतो,
"वैजंते, मका भरला का ह्यात?"
आणि जाळ्यात अडकून जाकीटच काढावं लागलं,
तर शिसं राहील त्याच्यापाशी
आणि मी बुचासारखी वर.

घोट्यांनाही बांधून पाहिलं, पाव-पाव किलो.
वाजत नाहीत, नुसते ओढतात.
सोडून दिलं.

सुपडू तात्याकडे ना टाकी होती ना नळी.
नदीतला गोटा मांडीत घट्ट धरायचा, खाली जायचा,
गोटा तिथंच सोडून वर.
दर बुडीला एक.
बुडालेली माणसं काढली त्यानं, मोटारी काढल्या, एकदा गणपतीचा मुकुट.
त्याचे गोटे अजून तळाशी असतील, कुणी मोजले नाहीत.
मी चारही किलो काठावर मांडले तेव्हा
त्यानं एकेक उचलून पाहिला, भाजी घेतल्यासारखा.
"गाठ आशी बांध," म्हणाला,
"का एक हातमा सुटनी पाहिजे.
डावा हातमा. उजवा कामले ऱ्हास."

मग मी वाटणी केली:
दोन पट्ट्याला, एकेक दोन्ही खिशांत.
आईनं जुन्या जाळ्याच्या काठाच्या गोळ्या सोडवून
मांजरपाटाच्या पिशव्या शिवल्या.
ठोकळा टोचतो, गोळ्या अंगासारख्या वळतात.

अकरा नंबरच्या दाराचं रबर फाटलं होतं.
तळाशी दिसत नाही काहीच,
बोटं बघतात.
बोटांनी लोखंड बघितलं, शेवाळ बघितलं,
फट बघितली, तिच्यातून पाणी कसं चोरपावलांनी जातं ते बघितलं.
मग पाठीमागून कुणाचं तरी नायलॉनचं जाळं आलं
आणि मांडीला बिलगलं.
सुरीनं कापलं.
पण तोवर हवा काट्याच्या लाल रेघेखाली, दम सुटलेला,
पायांत वर ढकलण्याइतकं काही उरलं नव्हतं.

डावा हात खिशाशी गेला.
एक पिशवी ओढली, सोडली.
एक किलो.
बाकीचे तीन माझ्या अंगावर,
म्हणून उसळले नाही, चढले,
माझ्याच बुडबुड्यांच्या मागे राहून,
आकडे मोजत.

तात्या काठावर तंबाखू मळत होता.
"काय टाकं?"
"एक किलो."
"मंग तीन शेतस ना," म्हणाला
आणि चिमूट दाढेखाली सारली.

संध्याकाळी आई पुन्हा जाळं घेऊन बसली,
पुन्हा दातानं दोरा तोडून एकेक गोळी काढत.
"काठ हलका झाला," म्हणाली.
"आता मासा खालून निघून जातो."
मी पिशवीचं तोंड उघडं धरून होते.
ती मोजत होती, मी मोजत होते,
आमचे आकडे जुळत नव्हते.