पानाच्या कडेचे दात

तार्तूच्या वनस्पती-संग्रहात, पाकीट चारशे बारा.
लेलोने चिमूटभर शेवाळ पाण्यात सोडलं;
साठ वर्षांची झोप झटकून
ते मिनिटभरात हिरवं झालं.

भिंगाखाली पान न् पान सारखं.
तीच मधली शीर, टोकाच्या जरा अलीकडे थांबणारी.
पण यंत्रातून आलेली चार अक्षरांची लांबच लांब ओळ
ऐकायला तयार नव्हती:
एक नव्हे, दोन.
घराणी फुटलेली केव्हाच,
इथे बर्फ होता तेव्हा.

मग ती पुन्हा बसली. तीन आठवडे.
आणि दिसले,
एकीच्या पानाला, अगदी बुडाशी,
चार-पाच बारीक दात.
आधीही होतेच.
जुन्या चित्रात तिनेच गाळलेले,
धूळ समजून.

रविवारी वोरूजवळ एंडेल
ओंडक्यांच्या भिंतीतल्या फटी बुजवत होता.
तिने दोन मुठी पुढे केल्या.
त्याने न बघताच चोळून पाहिल्या.
“ही चरचरते. ही नाही.
एका फटीत दोन्ही घालू नयेत.”
“कुणी सांगितलं?”
त्याने खांदे उडवले,
चरचरणारी मूठ परत दिली
आणि दुसरी भिंतीत ठोकून बसवली.
तिचा अर्धा नमुना.