शिडीवरून मुहर्रक

सोळा डिसेंबरच्या आधीचे आठ दिवस
मी शिडीवरच राहतो म्हटलं तरी चालेल.
लाल पांढरी, लाल पांढरी,
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत माळ.
खालून साबू ताण देतो, वरून मी गाठ मारतो
आणि शमाल वारा मधेच सगळं हिसकून बघतो,
पोरगं दुसऱ्याचा मांजा बघतं तसं.

खाली जुनं मुहर्रक.
प्रवाळाच्या दगडाच्या भिंती, चुन्यात अडकलेले शिंपले.
मोत्यांचे व्यापारी गेले, त्यांची दारं राहिली.
फोरमन ओरडतो, भोक पाडायचं नाही,
ही भिंत माझ्या पणजोबापेक्षा म्हातारी आहे!
त्याचा पणजोबा जालंधरचा.
पण आम्ही भोक पाडत नाही.

रात्री कळ दाबली
आणि अख्खी गल्ली लाजल्यासारखी झाली.
कुणीतरी टाळ्या वाजवल्या, त्या मला नव्हत्या,
तरी मी शिडीवरून मान लववली.
मग माणसंच माणसं.
लोकरी टोप्यांतली बाळं, अबायावर शाली,
सतरा अंशांत कुडकुडायची सगळ्यांना केवढी हौस!
मीही मफलर गुंडाळला, उगाच, सोबतीला.
चौकात म्हातारे ढोल घेऊन बसले,
बुडी मारणाऱ्यांची गाणी म्हणू लागले.
त्यांचा श्वास इतका खोल जातो
की ऐकणाऱ्याच्या कानात पाणी भरतं.

नखीच्या पातेल्याची वाफ, मीठ, लाल मिरची.
पहिल्या वर्षी मी म्हटलं होतं, हे तर आमचेच उकडलेले चणे,
तेव्हा दुकानदार दोन दिवस रुसला.
यंदा त्यानेच हाक मारली: ए वसई!
इथे मी गावाच्या नावाने ओळखला जातो.
गावात मी बावतीसचा मधला.

गल्लीच्या टोकाला बू दुऐजचं घर.
ते कंत्राटात नाही.
उरलेल्या तुकड्यावर पाच बल्ब होते, त्यातला एक मेलेला,
तेवढे त्याच्या खिडकीला लावले.
त्याने केशराचा चहा दिला
आणि एक शिंपला, तळहाताएवढा, आतून दुधासारखा.
म्हणाला, बापाने उघडलेला.
आत काही निघालं नाही,
म्हणून तर आमच्याकडे राहिला.

चोवीस तारीख.
खोलीत फ्रिजवर गोठा: हलव्याच्या डब्याचा,
बिर्याणीच्या ट्रेमध्ये पेरलेली नाचणी बोटभर वर आलीय.
मेंढ्या मिळाल्या नाहीत. उंट मिळाले, सात,
साबूने घासाघीस करून आणले.
शिंपल्यात बाळ निजवलं. बरोबर मावलं.
मिस्सा मनामाला, पूल ओलांडून,
अंगणात उभं राहायला तरी जागा मिळायची तर
दहाला निघायला हवं.

साडेनऊला रेजिनाचा फोन.
तिकडे बारा वाजलेत,
नाताळ नेहमी आधी तिच्याकडे पोचतो.
नेवऱ्या दाखवल्या, एक फुटलेली मुद्दाम जवळून,
पोरांचे नवे शर्ट दाखवले,
मग म्हणाली, दारावरचं नक्षत्र पेटत नाही.
सगळ्या आळीत आपलंच काळं.
एवढ्या मोठ्या गल्ल्या उजळतोस तू.

होल्डर सैल असेल, मी म्हटलं.
चप्पल घाल. खुर्ची नको, स्टूल घे.
आधी मेन बंद कर. केलास? खरंच केलास?
आता डावीकडे पीळ. तुझ्या डावीकडे.
मागून धाकटा म्हणत होता, पप्पाला काय दिसतंय तिथून!
साबूने उंट हातात धरून श्वास रोखला.
कर आता मेन चालू.

फोनचा पडदा एकदम पांढरा झाला.
घर नाही, पोरं नाहीत, ती नाही,
नुसता उजेड.

दिसलं का? तिने विचारलं.

दिसलं, मी म्हटलं.