चामडं सैल होतं

एकतीस वर्षं प्योत्रकोव्स्का रस्त्यावरच्या दुकानात
गुडघे टेकून बसले मी लोकांच्या पायांशी.
हातात बूट चढवायची शिंगाची पट्टी,
तोंडात एकच वाक्य:
घाला हो, चामडं सैल होतं.

निमुळते, टोकदार, नवरीचे पांढरे,
दफनाला घालायचे काळे,
सगळ्यांना हेच.
आणि मालकाचा नियम, म्हणून स्वतःही
तसलेच घालून उभी, दहा ते सात.

चामडं नाही सैल झालं.
हाड सरकलं.

डॉक्टर पाविन्स्का माझा पाय मांडीवर घेते.
अंगठा शेजारच्या बोटावर रेललाय,
लांबलेल्या प्रार्थनेत पेंगणाऱ्या म्हाताऱ्यासारखा,
आणि त्याच्या मुळाशी ते टेंगूळ,
लाल, चकचकीत. इथे हालुक्स म्हणतात.
कधी दुखतं, विचारते.
रात्री रजईचंही ओझं होतं, मी सांगते.

आधी रुंद बूट, ती म्हणते.
मला हसू येतं. ती थांबते, मग पुढे:
बोटांच्या बेचक्यात सिलिकॉनची पाचर,
रात्री बांधायची पट्टी. आराम पडेल,
पण हाड सरळ होईल ही आशा नको.
तळव्याखाली आधार, सुजलं तर बर्फ,
फारच झालं तर गोळी, पोट सांभाळून.
नाहीच भागलं तर करवत.
हाड कापायचं, जागेवर सरकवायचं, दोन स्क्रू.
सहा आठवडे टाचेवर भार,
सूज कधी कधी वर्षभर रेंगाळते.
देखणा पाय हवा म्हणून करू नका, बोगुमिवाबाई,
दुखतं म्हणून करा.
आणि ते परतही येऊ शकतं.

परत येण्याचं मला काय नवल!
खोकं काखेत घालून यायच्याच बायका.
एक तर स्वतःच्याच लग्नात
अनवाणी नाचली होती म्हणे.
आणखी आठवडाभर घालून बघा,
असं म्हटलं होतं मी तिला.

नोव्हेंबरची तारीख पेन्सिलीने लिहून ठेवलीय.
तोवर बाजारामागच्या चांभाराकडे गेले.
नवीन पोरगी होती, त्याची नात.
जमिनीवर कागद पसरून म्हणाली, उभ्या राहा.
गुडघे टेकून ती रेघ ओढत आली
टाचेपासून, कडेकडेने,
आणि टेंगळापाशी तिची पेन्सिल थबकली.

तिथूनही, मी म्हटलं.
त्याच्या बाहेरून.