रजिस्टरात नसलेली दुपार

वाडीला, अमरावती रोडच्या आतल्या अंगाला,
सात नंबरच्या गोदामाचा पत्रा मे महिन्यात इतका तापतो
की दुपारी दोननंतर कबुतरंही कैच्यांवरून खाली उतरतात
आणि पॅलेटांच्या सावलीत पायी हिंडतात.

मी तिथे फोर्कलिफ्ट चालवते.
तीन टनी, पिवळी, बॅटरीवरची.

इस्तारीकाका नंदनवारांनी शिकवलं.
पहिले आठ दिवस काहीच उचलू दिलं नाही,
नुसती रिकामी गाडी,
खडूनं काढलेल्या इंग्रजी आठाच्या आकड्यावर.
"हे मांगच्या चाकांनी वळते, पोरी.
तोंड आत जाते अन् शेपूट भायेर मारते.
शेपटीकडे पाह्य."

मग काटे. माल पाठीला टेकेपर्यंत आत,
मग मास्ट जरासा मागे,
जेवून उठलेला माणूस खुर्चीत रेलतो तसा,
आणि जमिनीपासून वितभर. त्याहून वर नाही.
"वर धरून मिरवाले थे का गणपती आहे?"

पाटीवरचं वजन
स्वतःच्या रक्तगटासारखं पाठ करवून घेतलं.
आणि पट्टा.
"गाडी आडवी होताना उडी मारावी वाटते.
मारू नोको. धरून बस, दुसऱ्या अंगाले कल.
उडी मारणाऱ्याच्या अंगावरच येते थे."
कुणाचं सांगताहेत, मी विचारलं नाही.
डबा बंद करताना त्यांनीच नाव घेतलं,
बळवंत डाखोरे,
आणि झाकण दोनदा दाबलं.

त्या दुपारी वह्या होत्या.
जूनच्या शाळांच्या, दोनशे पानी, रेघांच्या,
माझ्या डोळ्यांच्या वरपर्यंत रचलेल्या.
समोर नुसता पुठ्ठा.
ट्रक लागलेला, ड्रायव्हर खाली उतरून घाम पुसतोय,
आणि खापेकर सुपरवायझर घड्याळ दाखवत,
"सरळ ने ना बाई, वीस पावलं तर आहे."

माल आडवा आला की उलटी चाल, हे काकांचं.
मी गाडी फिरवली.
मान मागे, एक हात चाकावर,
चालत्या माणसाइतका वेग.
रांगेच्या कोपऱ्यावर हॉर्न.
कुणी हललं नाही.
मग एक चप्पल दिसली, हिरव्या पट्ट्याची.
मग पाय.

ब्रेक हळूच दाबावा लागतो. जोरात दाबला तर
वह्या पुढे जातात आणि मागे आपण राहतो.
हळूच दाबला.
चार हात उरले असतील. तीन असतील.
काटे जमिनीला टेकवले, ब्रेक लावला, किल्ली काढली,
मग उतरले. याच क्रमानं.
पाय नंतर थरथरले.

नवा हमाल होता, रामटेककडचा,
तोंडावर दुपट्टा ओढून
सावलीच्या चिंचोळ्या पट्टीत मापात झोपलेला.
कबुतर त्याच्या घोट्याजवळ दाणे वेचत होतं.
मी चप्पल वाजवली.
त्यानं दुपट्टा बाजूला केला, माझ्याकडे पाहिलं.
"चाय झाली का?"
"नाई अजून," मी म्हटलं.
"मंग कायले उठवलं?"

ऑफिसात एक रजिस्टर आहे.
तारीख, वेळ, जखमीचं नाव, कारण.
त्या दुपारचं पान तसंच कोरं.
खापेकरांनी ट्रक उशिरा सुटल्याचं मात्र लिहिलं,
दुसऱ्या वहीत, लाल पेनानं.

सकाळी नेहमीसारखा तपासणीचा कागद भरला.
टायर, साखळी, ब्रेक, तेल.
हॉर्नच्या पुढे बरोबरची खूण केली.
पेन कागदातून आरपार गेलं.